डाकेनं पत्र पाठवू नका

१७७२ चा उन्हाळा. जॉन वुलमन इंग्लंडमध्ये पायी हिंडत होते. बायको आणि मुलगी अटलांटिकच्या पलीकडे, न्यू जर्सीत. घरची खुशाली कळायची ती पत्रातूनच. तरीही त्यांनी आपल्या मंडळींना सांगून ठेवलं होतं, की साध्यासुध्या कारणासाठी मला डाकेनं पत्र पाठवू नका. वाटेत त्यांनी चौकशी केली होती. घोडागाड्या चोवीस तासांत शंभर मैलांहून जास्त पळवल्या जात. त्यात घोडे मरत, कित्येक आंधळे होत. टपालाची पोरं हिवाळ्यात रात्रभर घोड्यावर बसून आपापला टप्पा गाठत, आणि त्यातली काही गारठून मेल्याचं वुलमन यांना ठिकठिकाणी ऐकायला मिळालं होतं. पोरांच्या जिवावर येणारी खुशाली त्यांना नको होती. घोडागाडीतही ते बसले नाहीत. चालत चालत यॉर्कला पोचले आणि ७ ऑक्टोबरला तिथेच देवीच्या रोगानं गेले. वयाला बावन्न वर्षं पुरी व्हायची होती.

वुलमन क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे फिरते उपदेशक होते. त्या काळच्या क्वेकरांत पगारी पाद्री नसत. सभेत सगळे गप्प बसून राहत आणि ज्याला आतून उमाळा येई तो उठून बोले. ज्याच्या बोलण्यात तथ्य आहे असं सभेला वाटे, त्याची उपदेशक म्हणून नोंद होई. गावोगाव जायचं तर आधी स्वतःच्या सभेकडून दाखला घ्यावा लागे. मानधन नाही, मठ नाही. सोबत बहुधा एखादा सहप्रवासी, रात्री कुणा क्वेकराच्या घरी मुक्काम आणि परत आल्यावर पुन्हा पोटापाण्याचा धंदा. वुलमन न्यू जर्सीतल्या माउंट हॉलीत शिवणकाम आणि दुकान चालवत. दुकान इतकं चालायला लागलं, की मन त्यातच अडकू लागलं. १७५६ च्या सुमारास त्यांनी व्यापार आवरता घेतला आणि शिवणकाम व सफरचंदाची बाग एवढ्यावर भागवलं. भरभराट नको म्हणून धंदा कमी करणारा माणूस आपल्याला विक्षिप्त वाटतो. मला तो शहाणा वाटतो.

त्यांच्या आयुष्याला वळण लागलं ते एका कागदामुळे. विशी नुकतीच ओलांडलेले वुलमन एका दुकानदाराकडे नोकरीला होते. मालकानं एक गुलाम बाई विकली आणि खरेदीखत लिहायला यांना सांगितलं. गिऱ्हाईक समोर बसलेलं, तेही वयस्क क्वेकर. वुलमन यांनी खत लिहून दिलं, पण गुलाम बाळगणं ख्रिस्ती धर्माला धरून नाही, असं दोघांच्या तोंडावर सांगितलं. बोलूनही मनाची टोचणी गेली नाही. पुढे असे कागद लिहायचेच नाहीत, असं त्यांनी ठरवलं.

त्यानंतरचा एक प्रसंग त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवला आहे. एका शेजाऱ्याला जबर मुका मार लागला. त्या काळच्या रीतीप्रमाणे रक्त काढण्यासाठी त्यानं वुलमन यांना बोलावलं आणि ते झाल्यावर मृत्युपत्र लिहायला सांगितलं. त्यात एक गुलाम मुलगी कोणत्या अपत्याला द्यायची, हेही होतं. वुलमन यांनी तेवढं कलम सोडून बाकी सगळं लिहिलं आणि खाटेशी बसून वाचून दाखवलं. माणसाला गुलाम ठेवणारा कागद माझ्या हातून लिहिला जाणार नाही, असं सौम्यपणे सांगितलं. केलेल्या कामाचे पैसे घेतले नाहीत. दोघं बराच वेळ बोलत बसले. अखेर शेजारी मुलीला मुक्त करायला कबूल झाला आणि मृत्युपत्र पुरं झालं. त्यांची रीत या एका प्रसंगात दिसते. आवाज चढवला नाही, पण कलमही लिहिलं नाही.

अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या वसाहतींत उपदेशासाठी फिरताना मोठाच पेच होता. मुक्काम करायचा तो गुलाम राबवणाऱ्या क्वेकरांच्याच घरी. तिथला घास गुलामांच्या घामाचा. जिथे कीर्तन करायचं तिथे अन्नही घेऊ नये, हे तुकोबांचं सांगणं आपल्याकडच्या कीर्तनकारांना ठाऊक आहे. वुलमन यांनी आपल्यापुरती वाट काढली. १७५७ च्या प्रवासात त्यांनी चांदीची सुटी नाणी बरोबर घेतली. निघताना ते गुलामांच्या कामाचा मोबदला काही ठिकाणी यजमानाच्या हाती ठेवत, काही ठिकाणी थेट गुलामांना देत. असे पैसे पुढे करताना त्यांना फार जड जाई, हेही त्यांनी लिहिलं आहे. पुढे घोडाही सोडला आणि पायी जाऊ लागले. साखर सोडली. रंगवलेले कपडे सोडले, कारण रंगानं मळ झाकला जातो, जात नाही.

स्वतःचा हिशेबही त्यांनी सोडला नाही. एका मृत्युपत्राचे व्यवस्थापक या नात्यानं त्यांनी दुसऱ्या एकाबरोबर एका गुलाम मुलाला वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत विकलं होतं. गोऱ्या मुलाला एकविसाव्या वर्षी सुटका मिळे, मग याची नऊ वर्षं जास्त का? अनेक वर्षांनी हा प्रश्न त्यांना झोपू देईना. त्या नऊ वर्षांतला आपला निम्मा वाटा, म्हणजे शेवटची साडेचार वर्षं, धरून रास्त ठरेल ती रक्कम भरण्याचं बंधपत्र त्यांनी करून दिलं.

एक गोष्ट मात्र मला खटकते. रोजनिशीत पत्नी सेरा फारच थोडी दिसते. नवरा महिनोन् महिने फिरतीवर असताना घर आणि मुलगी सांभाळली तिनं. या आयुष्याच्या किमतीतला तिचा वाटा मोठा आहे आणि वुलमन यांना आदरांजली वाहताना तिचं नाव घेतलंच पाहिजे.

आधीच्या एका आजारपणात पडलेलं एक स्वप्नही त्यांनी लिहून ठेवलंय. समोर काळपट रंगाचा एक ढीग होता. तो हालअपेष्टांनी पिचलेल्या जिवंत माणसांचा होता आणि आपण त्यातच मिसळलो आहोत, असं त्यांना दिसलं. मग आवाज आला, जॉन वुलमन मेला. पुढे दिसल्या खाणी, आणि खाणींत ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांसाठी राबणारे गरीब लोक. त्यानंतर चांदीच्या भांड्यातून खाणंपिणं त्यांना जमेना. इंग्लंडला येतानाही जहाजाच्या केबिनवरचं नक्षीकाम पाहून त्यांनी ती नाकारली आणि खाली खलाशांच्या दाटीत प्रवास केला.

अशा माणसाचं समाज ऐकतो का? इथे ऐकलं. १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत वुलमन बोलले आणि गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना पंथाच्या कारभारातून दूर ठेवायचं ठरलं. गुलाम बाळगणाऱ्यांना घरोघर भेटायला जी समिती नेमली गेली, तिच्यात वुलमन होते. १७७६ मध्ये त्याच सभेनं सभासदांना गुलाम बाळगायची बंदी केली. वुलमन यांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

शेवटच्या आजारात वाचा बंद झाली तेव्हा त्यांनी कागद आणि लेखणी मागून घेतली. आपलं इथे येणं ख्रिस्ताच्या योजनेतलं आहे, जगण्यामरण्याचं मात्र ठाऊक नाही, अशा अर्थाच्या ओळी त्यांनी लिहिल्या. शवपेटी साधी असावी आणि दफनाचा खर्च आपल्या अंगावरच्या कपड्यांतून भागवावा, हे आधीच सांगून ठेवलं होतं.

त्यांची रोजनिशी १७७४ मध्ये छापली गेली आणि आजही इंग्रजीत सहज मिळते. वाचायला घ्याल तर १७७२ च्या इंग्लंडातल्या पानांपासून सुरुवात करा. आणि मग दहा मिनिटांत घरपोच सामान मागवण्याआधी, ते घेऊन येणाऱ्या पोराची वुलमन यांच्यासारखी चौकशी करा.