ब्लॉकची साक्ष

जुनी विलीज जीप दुरुस्तीला आली की मी आरसी बुक बाजूला ठेवतो आणि आधी ब्लॉक धुतो. डिझेल, तारेचा ब्रश आणि भरपूर सबुरी एवढंच लागतं. पॉलिश पेपर मात्र जवळही आणत नाही. घासण्याच्या भरात पुरावाच जातो.

ब्लॉकवर दोन तऱ्हेचे आकडे असतात. एक ओतकामात उठून आलेला कास्टिंग नंबर. त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक ब्लॉकवर तो सारखाच असतो. दुसरा पंचाने ठोकलेला इंजिन नंबर, तो त्या एका इंजिनाचा. ठोकलेला नंबर घासून नवा ठोकता येतो, म्हणून मी आधी कास्टिंग वाचतो. उठावावर ओला खडू फिरवला की आकडे दिसू लागतात. ६३८६३२ दिसला तर ब्लॉक युद्धकाळाच्या घडणीचा. ६४१०८७ दिसला तर नंतरचा, नागरी जीपच्या काळातला.

मग ठोकलेला नंबर. युद्धकाळातल्या इंजिनावर तो उजव्या अंगाला, ऑइल फिल्टरच्या मागच्या सपाट जागेवर असतो. विलीजच्या इंजिनाला 'एमबी' आणि फोर्डच्या इंजिनाला 'जीपीडब्ल्यू' अशी अक्षरं. इथे आकड्यांइतकीच त्यांच्याखालची जमीन बघावी लागते. कारखान्यातल्या मशीनच्या बारीक समांतर रेषा तिथे शाबूत हव्यात. ग्राइंडर फिरलेला असला तर बोटालाही कळतं.

१९४१ ते १९४५ दरम्यान विलीज आणि फोर्डने मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. फोर्डच्या गाडीत चेसिसचा आणि इंजिनाचा नंबर एकच असे. विलीजमध्ये ते दोन नंबर मुळातच वेगळे असत. त्यामुळे 'नंबर जुळत नाहीत, म्हणजे इंजिन बदललंय' हा निवाडा फोर्डला लागू पडतो, विलीजला नाही. कितीतरी चांगल्या जीप या एका गैरसमजापायी कवडीमोलाने विकल्या गेल्या.

बाहेरून शंका फिटली नाही तर पुढचं कव्हर उघडतो. युद्धकाळातल्या इंजिनात कॅमशाफ्ट साखळीवर चालतो. १९४६ मध्ये नागरी सीजे-२ए मॉडेलवर साखळी जाऊन गिअर आले. गिअरमुळे कॅमशाफ्ट उलट दिशेने फिरतो, म्हणून ऑइल पंपाच्या दात्यांचा कलही उलटा. एकाचा पंप दुसऱ्याला चालत नाही. एखादा कारागीर साखळीच्या जागी गिअर बसवू शकतो, त्यामुळे या एका खुणेवर मी निकाल देत नाही. कास्टिंग, ठोकलेला नंबर आणि आतली घडण, तिघांची साक्ष जुळली तरच बोलतो.

आपल्याकडे महिंद्रांनी मुंबईत जीप जोडायला आणि पुढे बनवायला सुरुवात केली, त्यामुळे सुटे भाग मिळत राहिले. व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरपर्यंत चीर गेली की जुना ब्लॉक उतरायचा आणि हाताशी असेल तो चढायचा. नंतरच्या हरिकेन इंजिनाचा बोअर आणि स्ट्रोक जुन्याइतकाच, फक्त त्याचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले. म्हणून नुसती मापं घेऊन ओळख पटवणाऱ्याची फसगत होते.

बदललेल्या ब्लॉकला मी कमीपणा मानत नाही. त्याच्यामुळेच ती जीप भंगारात न जाता शेताच्या बांधापर्यंत पोचत राहिली. चीड येते ती नंबर घासून 'मूळ' इंजिन तयार करणाऱ्यांची. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राने केलेल्या नियमांत गाडी मूळ रूपात असण्याची अट आहे, आणि ती इंजिनालाही लागू आहे. अशा वेळी खोटा पंच मारायचा मोह होणारच. पण तो पंच त्या गाडीचा खरा इतिहास कायमचा बुजवतो, आणि मागून येणाऱ्या कारागिराला वाचायला काहीच उरत नाही.

तुमच्याकडे जुनी जीप असेल तर ब्लॉकवरच्या दोन्ही नंबरांचे फोटो काढा, ठोकलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या आणि तो गाडीच्या कागदांत जपून ठेवा. इंजिन बदललं असेल तर आरटीओत रीतसर नोंद करून घ्या. आणि ग्राइंडर घेऊन कुणी त्या सपाट जागेपाशी आलाच, तर त्याचा हात धरा.