आखूड दावे

मराठीत आवाजांसाठी शब्दांची वाण नाही. खडखड, घरघर, धडधड, खळखळ, गुणगुण. व्याकरणाच्या पुस्तकात आपण त्यांना अनुकरणवाचक म्हणून एका परिच्छेदात उरकतो. मीही वर्गात अनेक वर्षे तेच करत आलो आहे. असे असूनही सेवाकेंद्रातील मुलीने फोनवर “सर, आवाज नेमका कसा येतो?” असे विचारले, तेव्हा मला एवढेच सुचले : “खूप मोठा येतो.”

आवाज आमच्या नव्या वॉशिंग मशीनचा होता. ते घेतले आईसाठी. तिच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा दुखतो, आणि पिळे घालणे बंद करा असे डॉक्टरांनी बजावले होते. दुकानाची माणसे यंत्र ठेवून गेली. जोडणीसाठी माणूस दोन दिवसांनी येणार होता. तेवढा धीर मला नव्हता. नळी जोडली, पिन खोचली, कपडे भरले. धुणे सुरळीत झाले. पिळण्याची वेळ आली आणि यंत्र जागचे हलू लागले. दणके असे की न्हाणीघराच्या फळीवरची बादली खाली आली. थोड्या वेळाने खालच्या मजल्यावरचे काकाही वर आले.

जोडणीवाला आला त्या दिवशी घरी कोणी नव्हते. तो परत गेला. मग मी स्वतःच वैद्य झालो. पाण्याची पट्टी आणून पातळी पाहिली, चारही पाय फिरवून पाहिले. मग आवाजांचा अभ्यास सुरू केला. खडखड असेल तर खिशातले नाणे. घरघर असेल तर बेअरिंग. धडधड असेल तर कपडे एका बाजूला गोळा झालेले. हे शेवटचे कारण मला फार पटले, कारण त्याचे गणित मांडता येत होते. सुमारे पाव मीटर त्रिज्येचे पिंप मिनिटाला १००० फेऱ्या घेत असेल आणि पाव किलोचा ओला टॉवेल एकाच बाजूला राहिला, तर तो पिंपाला सुमारे ७० किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढतो. आणि ही ओढ सेकंदाला सोळा-सतरा वेळा गरगरत सर्व दिशांना फिरते. जेवताना मी हे गणित सर्वांना ऐकवले. “म्हणजे कपडे भरण्यात चूक होते आहे,” असा समारोपही केला. कपडे आई भरत असे.

ती म्हणाली, “कपड्याचं नाही रे. आखूड दाव्यानं बांधलेली कालवड कशी हिसडे मारते, तसं करतंय ते.”

आईचे बालपण सातारा जिल्ह्यातल्या एका गावात, गोठ्याला लागून असलेल्या घरात गेले. ही उपमा मला इतकी आवडली की मी ती वहीत टिपून ठेवली. दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात सहकाऱ्यांना सांगितली. ग्रामीण संवेदनेतून यंत्राचे सजीवीकरण कसे घडते, यावर आमची मधल्या सुट्टीत चांगली चर्चा झाली.

त्यानंतर आठवडाभर आवाज आला नाही. मला वाटले, आईने कपडे नीट पसरायला सुरुवात केली. मग एका पहाटे पाच वाजता पाणी प्यायला उठलो, तर न्हाणीघरात दिवा होता. आई पाटावर बसून चादर पिळत होती. उजवा अंगठा वर उचलून, चार बोटांनी आणि मनगटाने. मला पाहून ओशाळल्यासारखी म्हणाली, “खालच्यांना त्रास नको. आणि माझ्या हातून बिघडलं तर एवढ्या महागाचं यंत्र...”

त्याच दिवशी सुट्टी घेऊन मी जोडणीवाल्याची वाट पाहत बसलो. विशीतला मुलगा आला. पिंप रिकामे ठेवून त्याने यंत्र फिरवले. आवाज तसाच आला. मग यंत्र भिंतीपासून ओढून मागे वाकला आणि म्हणाला, “सर, हे बांधलेलंच आहे की!”

अशा यंत्रात पिंपाची टाकी वरून स्प्रिंगांवर लोंबकळत असते, खालून दांडे तिचे हेलकावे शोषून घेतात. तिला वजन यावे म्हणून काँक्रीटचे ठोकळेही बसवलेले असतात. कारखान्यापासून घरापर्यंतच्या प्रवासात ती आपटू नये, म्हणून मागच्या बाजूने चार लांब बोल्ट घालून ती सांगाड्याला जखडतात. घरी आल्यावर ते काढायचे असतात. न काढल्यास टाकीला हलायला जागाच राहत नाही, आणि तिचा प्रत्येक हिसका सांगाड्यातून जमिनीत उतरतो. पुस्तिकेच्या सुरुवातीच्या पानांवर हे चित्रासह छापलेले होते. मी विद्यार्थ्यांना संहितेचे सूक्ष्म वाचन शिकवतो.

मुलाने पान्याने चारही बोल्ट काढले, भोकांवर प्लॅस्टिकची टोपणे बसवली. दहा मिनिटेही लागली नाहीत. “मावशी, हे जपून ठेवा. घर बदललंत तर पुन्हा लागतील.” आईने ते फडक्यात बांधून डब्यात ठेवले. यंत्र पिळू लागले तेव्हा एक संथ घुमणारा आवाज तेवढा उरला. ती काहीच बोलली नाही. ‘मी सांगितलं होतं’ असे म्हणण्याची तिला सवय नाही.

ती जे सांगत होती ते निदान होते. आखूड बांधले आहे, सोडा, एवढाच त्याचा अर्थ होता. मी त्यात अलंकार पाहिला, आणि अलंकार दिसल्यावर पुढे ऐकायचे राहिले. तिच्याजवळ पुस्तिकेतला शब्द नव्हता म्हणून तिने गोठ्यातला वापरला. तो पुस्तिकेइतकाच अचूक होता. आठ दिवस तिच्या हाताने त्याची किंमत मोजली.

रात्री तिच्या अंगठ्याला तेल लावत होतो. ती म्हणाली, “सुई टोचून कुणी दोरा ओढावा, तसं होतं बघ.”

मी वही आणायला उठलो नाही. दोरा कोणत्या बाजूला ओढल्यासारखा वाटतो, ते विचारले. तिने मनगटापासून कोपरापर्यंत बोट फिरवून दाखवले. कोपरापर्यंत कळ जाते, हे डॉक्टरांना आम्ही कधी सांगितलेच नव्हते.