लांब शब्दाला भ्यायचे कशाला?

आपल्या वस्तीतील मुले गणिताला भीत नसतील इतकी इंग्रजीतल्या लांब शब्दाला भितात. दहा-बारा अक्षरांचा शब्द आला की वाचणारे बोट तिथेच थांबते. आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून होते. 2000 सालापासून ते पहिलीपासून आले, पण भीती काही गेली नाही. ती जावी म्हणून आमच्या रविवारच्या अभ्यासिकेत आम्ही एक खेळ खेळतो. तो घरीही खेळता येईल, म्हणून हे चार शब्द लिहीत आहे.

खेळ अगदी साधा आहे. फळ्यावर दोन-तीन इंग्रजी अक्षरे लिहायची. ती अक्षरे ज्यात आहेत असा लांबात लांब शब्द मुलांनी शोधून आणायचा. पाठ्यपुस्तक, डिक्शनरी, औषधाचे खोके, काहीही चालते. अट एकच, शब्दाचा अर्थ सांगता आला पाहिजे. अर्थ नाही तर गुण नाही.

पहिल्यांदा मी ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर दिले. आठवीतल्या एका मुलीने सेमी-इंग्रजीच्या गणिताच्या पुस्तकातून ‘इक्वेशन’ आणला. आठच अक्षरे, पण पाचही स्वर त्यात आहेत! दुसऱ्याला ‘एज्युकेशन’ सापडला. तो नऊ अक्षरांचा, आणि त्यातही प्रत्येक स्वर एकदाच. मग विचारले, हेच स्वर ओळीने, याच क्रमाने येतील असा शब्द आहे का? आठवडाभर मुले डिक्शनरी चाळत होती. शेवटी ‘अ‍ॅबस्टीमियस’ सांगितला. अर्थ, खाण्यापिण्यात संयम ठेवणारा. एक चिमुरडी लगेच म्हणाली, “काका, हा शब्द मी आईला सांगते, ती बाबांना सांगेल.” सगळा वर्ग हसला.

मी पडलो कॉमर्सचा माणूस. माझा आवडता शब्द ‘बुककीपर’. त्यात दोन ओ, दोन के, दोन ई अशा तीन जोड्या एकमेकींना खेटून बसल्या आहेत. टायपिंग शिकणाऱ्या मुलांना मी ‘टाइपरायटर’ हा शब्द देतो. त्याची दहाही अक्षरे यंत्राच्या अक्षरांच्या सर्वांत वरच्या ओळीत सापडतात. आणि ‘अनकॉपीराइटेबल’ या शब्दात पंधरा अक्षरे, पण एकही अक्षर दुसऱ्यांदा येत नाही.

हा शेवटचा शब्द मुलांनी घाबरतच वाचला. तेव्हा मी तो फळ्यावर तोडून दाखवला. ‘अन’ म्हणजे नाही, मधे ‘कॉपीराइट’, शेवटी ‘एबल’ म्हणजे होण्याजोगे. लांब शब्द लोकलसारखा असतो, डबे जोडत गेले की गाडी लांबते. एक-एक डबा मोजला की भीती राहत नाही. आणि एक डबा ओळखीचा झाला की तो दुसऱ्या गाडीतही ओळखू येतो.

याचा प्रत्यय पुढे आला. एका रविवारी पी आणि एन ही अक्षरे शेजारी-शेजारी असलेले शब्द मागितले. मुलांनी ‘शार्पनेस’, ‘न्यूमोनिया’ आणले. मी मोठ्या डिक्शनरीतला सर्वांत लांब समजला जाणारा शब्द लिहिला. पंचेचाळीस अक्षरे! ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस’. तो 1935 साली अमेरिकेतील नॅशनल पझलर्स लीग या कोडेप्रेमी संस्थेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी मुद्दाम लांब व्हावा म्हणून रचला. आम्ही डबे सोडवले. न्यूमोनो म्हणजे फुप्फुस, अल्ट्रामायक्रोस्कोपिक म्हणजे अतिसूक्ष्म, सिलिको म्हणजे दगडा-वाळूतली सिलिका, व्होल्कॅनो म्हणजे ज्वालामुखी, कोनिओसिस म्हणजे धुळीने होणारा रोग.

वर्ग सुटल्यावर एक मुलगा मागे थांबला. त्याचे वडील बरीच वर्षे खडी क्रशरवर होते, आता घरीच खोकत असतात. तो हळूच म्हणाला, “काका, ते सिलिको आमच्या बाबांच्या कागदावर पण आहे.” दुसऱ्या दिवशी तो प्लॅस्टिकच्या पिशवीतले सगळे कागद घेऊन आला. घरात सगळे क्षय म्हणूनच धरून चालले होते. पण एका जुन्या एक्स-रेच्या अहवालात ‘सिलिकोसिस’ लिहिले होते, पुढे प्रश्नचिन्ह. दोन वर्षे तो कागद पिशवीत पडून होता. कोणी वाचून दाखवला नव्हता.

दगडाची बारीक धूळ छातीत बसून हा रोग होतो आणि पुष्कळदा तो क्षय समजला जातो. कारखाने कायदा 1948 मध्ये झाला, त्याने ज्या रोगांची खबर सरकारला देणे बंधनकारक केले त्यांत सिलिकोसिस होता. काम करताना जडलेला रोग ठरला तर भरपाई मागता येते. नुसता क्षय लिहिला गेला तर तो रस्ता फार अवघड होतो. आम्ही त्या गृहस्थांना पुन्हा तपासणीसाठी पाठवले, अर्जही केला आहे. निकाल काय लागेल तो लागो, आपल्याला काय झाले आहे हे त्या घराला आता ठाऊक आहे. आणि ते कळले घरातल्या नववीतल्या पोरामुळे.

म्हणून आयाबायांना आणि बांधवांना माझी एक विनंती आहे. आज रात्री जेवणानंतर घरातला एखादा कागद काढा. रिक्षाच्या कर्जाचा, विम्याचा, दवाखान्याचा, कोणताही. त्यातला सर्वांत लांब शब्द मुलांना शोधायला सांगा. कर्जाच्या कागदावर बहुधा ‘हायपोथिकेशन’ सापडेल, तेरा अक्षरांचा. अर्थ असा की गाडी तुमच्या ताब्यात, पण कर्ज फिटेपर्यंत ती तारण. मुलांना तो तोडू द्या, डिक्शनरीत पाहू द्या, नाही जमले तर शिकल्या-सवरल्या माणसाला विचारू द्या.

सही त्यानंतर करा.