घाटातले पिवळे दिवे

रात्रीच्या घाटात समोरून कोणती गाडी येतेय, हे पूर्वी नुसत्या दिव्यांवरून सांगता यायचं. दोन गोल दिवे जवळजवळ आणि खाली असले की जीप. लांब लांब, उंच आणि मिणमिणते असले की एसटी. आणि हेडलाइटच्या खाली बंपरला आणखी दोन पिवळे दिवे असले, की तो ट्रक, आणि त्याच्या मालकाचा गाडीवर जीव आहे हेही कळायचं. रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्यावर साखरपा सोडून आंबा घाटाला लागलं की काकांच्या टाटा 1210 च्या केबिनमध्ये आम्ही मुलं हाच खेळ खेळायचो. आंब्याच्या दिवसांत मागे पेट्या असायच्या. एरवी खत, गूळ, कौलं, मिळेल ते भाडं.

उजेड तेव्हा बेताचा होता. जुन्या जीपला सात इंची सील्ड बीम असायचे. काच, आरसा आणि तार एकसंध. तार तुटली की अख्खा दिवा बदलायचा. डायनामोवर चालणाऱ्या गाडीचे दिवे तर उभ्या गाडीत मंदावायचे आणि एक्सलेटर दिला की पुन्हा उजळायचे. मग हॅलोजन आला आणि घाटात पहिल्यांदा कठड्याचे दगड नीट दिसू लागले. त्याचा बल्ब काका रुमालात धरून बसवायचे, काचेला बोट लागू द्यायचे नाहीत. बोटाचा तेलकटपणा काचेवर राहिला की तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. पावसाळ्यात कुणी हेडलाइटवर पिवळा जिलेटिन कागद चिकटवायचं. कुणाच्या हेडलाइटचा वरचा भाग काळ्या रंगाने झाकलेला असायचा, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जाऊ नये.

जादा दिवे बसवून घ्यायचे ते मलकापूरच्या एका मिस्त्रींकडे. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, पण हाताला शिस्त विलक्षण. आधी ते गाडी कुठे चालते ते विचारत. घाट की सपाट, रात्री किती, धुकं लागतं का. मग दिव्याची जागा ठरायची, आणि धुक्यासाठी ती नेहमी बंपरच्या खालच्या अंगाला असायची. बॅटरीपासून वेगळी जाड वायर, वाटेत फ्यूज, आणि डॅशबोर्डच्या स्विचमधून फक्त रिलेपुरता प्रवाह. ‘‘रिले घाल गा, न्हाईतर स्विच वितळंल,’’ हे त्यांचं वाक्य मी किती तरी गिऱ्हाइकांना सांगताना ऐकलं आहे. हिशेब सरळ आहे. बारा व्होल्टच्या जीपला 55 वॅटचे दोन हॅलोजन लावले की नऊ अँपिअरच्या वर प्रवाह ओढला जातो. तो रोज झेलायला डॅशबोर्डवरचा नाजूक स्विच केलेलाच नसतो. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना ते आधी भोकात रबरी बूच बसवायचे. नाहीतर गाडी हादरून हादरून वायरचं आवरण कापलं जातं आणि एका पावसाळी रात्री सगळं अंधारतं.

सगळ्यात जास्त वेळ ते दिवा ‘लावण्या’ला द्यायचे, म्हणजे त्याचा रोख ठरवायला. दिवेलागणीला ट्रक शाळेच्या भिंतीसमोर पंचवीस फुटांवर उभा करायचा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखायची आणि उजेडाची वरची कडा त्या रेघेच्या चार बोटं खाली येईपर्यंत नट सैल-घट्ट करत राहायचं. आणि हे रिकाम्या गाडीवर ते कधीच करत नसत. ‘‘माल भरून ये,’’ म्हणायचे. पेट्या भरल्या की ट्रकची मागची बाजू बसते, नाक वर होतं आणि रिकाम्या गाडीला अचूक लावलेला दिवा भरल्यावर समोरच्याच्या तोंडावर जातो. इतकी साधी गोष्ट, पण आजच्या किती फिटरना ती सांगावी लागते!

दिवा खाली का, याचंही उत्तर घाटच द्यायचा. मृग लागला की आंबा घाटात ढग रस्त्यावर उतरतात. हेडलाइट अप्पर केला की समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण धुक्याचे थेंब उजेड परत आपल्याच डोळ्यांत फेकतात. खालून, रुंद आणि वरून सपाट कापलेला उजेड टाकला तर तो धुक्याच्या पोटाखालून रस्त्याची कड उजळतो. पिवळा रंग धुकं भेदतो असं तेव्हा सगळेच म्हणत. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने इतके मोठे असतात की रंगाने फारसा फरक पडत नाही. खरं काम दिव्याच्या जागेचं आणि कापाचं होतं. पण पिवळा डोळ्यांना सौम्य वाटतो, एवढं मी अनुभवाने सांगेन. फ्रान्समध्ये तर 1993 पर्यंत गाड्यांचे हेडलाइटच पिवळे असायचे.

आता पुतण्याच्या थारला चार एलईडी क्यूब आहेत आणि छतावर लांबलचक बार. मला एलईडी मनापासून आवडतो. निळ्या एलईडीच्या शोधासाठी 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल दिलं गेलं, आणि त्याच निळ्या चिपवर पिवळट लेप देऊन हा पांढरा उजेड मिळतो. कमी वॅटमध्ये जास्त उजेड, तुटायला तार नाही, घाटातल्या हादऱ्यांनी बिघडत नाही. 9 ते 32 व्होल्टवर चालणारा दिवा असला तर जीपलाही चालतो आणि ट्रकलाही. पुण्याच्या नाना पेठेत गेलं तर रिले, फ्यूज आणि स्विच जोडलेलं तयार वायरिंगसुद्धा मिळतं.

तरी काही गोष्टी हॅलोजनच बऱ्या करायचा. त्याची काच तापायची, त्यामुळे तिच्यावरचं दव आपोआप सुकायचं. एलईडीची काच गार राहते, ती थांबून पुसावी लागते. बल्ब गेला तर रस्त्यात बदलता यायचा. एलईडीचा बंद दिवा गेला की अख्खा बदलायचा, सील्ड बीमसारखाच. एलईडीची उष्णता मागच्या बाजूने बाहेर पडते, म्हणून मागे ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या असलेला, वजनाला भरीव दिवा घ्यावा. पाण्यासाठी आयपी 67 किंवा 68 बघावं. 67 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल असा. खोक्यावर छापलेल्या ल्युमेनच्या आकड्यावर मात्र माझा काडीचा विश्वास नाही. उजेड भिंतीवर टाकून बघितल्याशिवाय दिवा विकत घेऊ नये.

जागेचं म्हणाल तर छतावरचा बार हा घाटात सगळ्यात निरुपयोगी दिवा. त्याचा उजेड आपल्याच बॉनेटवर चमकतो आणि पावसाच्या प्रत्येक धारेवर आपटून परत येतो. मोकळ्या माळावर, जिथे समोर कुणी येत नाही, तिथे तो ठीक. बॉनेटच्या बिजागरीपाशी किंचित बाहेर वळवून लावलेले दोन छोटे क्यूब अवघड वळणावर आतली कड दाखवतात. ते मला पटतात. धुक्याचे दोन अजूनही बंपरखालीच लावावेत.

तेव्हाच्या रात्रींची मला सगळ्यात जास्त आठवण येते ती डिपरमुळे. चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, समोरच्याने एकदा डिपर दिला की आपणही द्यायचा आणि कठड्याला लागून थांबायचं. काका तर पिवळे दिवेही विझवायचे. आता समोरून बार पेटवून आलेली गाडी गेली की मला काही क्षण काहीच दिसत नाही. ताशी 60 किलोमीटर वेगाने तीन सेकंद म्हणजे पन्नास मीटर रस्ता, तो आंधळेपणाने कापायचा. समोर आठ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेले डोळे दिपतील असा दिवा गाडीला नसावा, हे 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे.

म्हणून नवे दिवे बसवणाऱ्यांना एवढंच सांगेन: क्यूब आणि बारला हेडलाइटपासून स्वतंत्र स्विच ठेवा, आणि समोर दिवे दिसले की सगळ्यात आधी तो बंद करा. गाडी दुकानातून आणलीत की माणसं, सामान भरून भिंतीसमोर उभी करा. मग घरातल्या कुणाला तरी आठ मीटरवर उभं राहायला सांगा. त्यांचे डोळे दिपले, तर पाना काढा आणि दिवा आणखी खाली घ्या.