बी बॉम्बेचा

"मामा, तुझ्याकडे गेम किती आहेत?" भाच्यानं विचारलं तेव्हा मी फराळाच्या ताटातल्या चिवड्यातून खोबऱ्याचे काप वेचत होतो. फोनवर यादी उघडली आणि सांगितलं, २१४. त्याचे डोळे मोठे झाले. चौदा वर्षांच्या पोराच्या लेखी मामाची श्रीमंती याआधी कधी सिद्ध झाली नव्हती.

"मग त्यातला एक मला दे ना."

मी अडकलो. २१४ पैकी एकही गेम मला देता येत नव्हता. सगळे स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या माझ्या खात्यात. तिथं २०२४ पासून कुटुंबाची म्हणून एक सोय आहे, सहा जणांपर्यंत एकमेकांचे गेम खेळता येतात. पण ती एका घरात राहणाऱ्यांसाठी. ताई नाशिकला, मी पुण्याला, आणि दिवाळीला सगळे मिरजेला आईकडे जमलेले. बहिणीचा मुलगा घरातला धरायचा की नाही, यावर आमच्याकडे लग्नकार्यात पुरेसे रुसवेफुगवे झालेत, पण एखादं संगणकी खातं त्यात मत देईल असं वाटलं नव्हतं. खातंच त्याच्या नावावर करून द्यावं, तर तेही चालत नाही. मृत्युपत्रात लिहून ठेवलं तरी उपयोग नाही, असं कंपनीनं एका ग्राहकाला कळवल्याची बातमी मी २०२४ मध्येच वाचली होती.

हे सगळं त्याला समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुझ्याकडे आहेत म्हणजे नक्की काय?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्या माळ्यावरच्या चकत्या दे की त्याला. नाहीतर मी यंदा भंगारात घालणार आहे."

खोका उतरवला. सतरा डबे निघाले. काहींची प्लास्टिकची बिजागरी तुटलेली, दोन-तीन रिकामे, एकात भलत्याच गेमची सीडी. आणि तळाशी 'एज ऑफ एम्पायर्स टू'. मूळ गेम १९९९चा. आमच्या घरात तो आला २००१ साली, माझी दहावी संपल्यावर.

बाबा सहकारी बँकेत होते. कसल्याशा प्रशिक्षणासाठी पुण्याला गेले आणि येताना हा डबा घेऊन आले. हजाराच्या आसपास किंमत होती. त्या दिवसांत बाबांनी हजार रुपये खेळण्यावर घालवणं म्हणजे आईच्या भाषेत 'ह्यांना पुण्याचं वारं लागलं'. एसटीत त्यांनी सबंध माहितीपुस्तिका वाचून काढली होती. घरी आल्यावर माझ्याआधी तेच सांगू लागले, की कुठल्या राज्याकडे घोडदळ चांगलं आणि कोणाचे धनुर्धारी लांब पल्ल्याचे. डब्यात घड्या घातलेला एक लांबलचक तक्ता होता: कोणती इमारत बांधली की कोणतं शस्त्र मिळतं, कोणत्या संशोधनानंतर कोणतं दार उघडतं. तो आम्ही भिंतीवर कालनिर्णयच्या शेजारी चिकटवला. खेळात अन्न, लाकूड, सोनं आणि दगड अशी चार प्रकारची साधनसामग्री जमवायची असते. बाबा माझ्या मागे उभे राहून तिचे आकडे बघायचे आणि म्हणायचे, "जमेपेक्षा खर्च वाढलाय तुझा." लढाई कशी चाललीय याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

सीडीच्या डब्यामागे एक स्टिकर होता, त्यावर इन्स्टॉल करताना घालायची चावी. पाच अक्षरांचे पाच गट. स्टिकर दोन महिन्यांत कोपऱ्यातून सुटायला लागला. बाबांनी ती चावी आपल्या हिशेबाच्या डायरीत उतरवून घेतली, जिथं गॅसचा ग्राहक क्रमांक, एलआयसीच्या पॉलिशा आणि लाईटबिलाचा मीटर नंबर असायचा, त्याच पानावर.

ती सीडी गल्लीभर फिरली. कोण घेऊन गेलं याची मी वहीच ठेवली होती, कारण एकदा ती तीन आठवडे बेपत्ता होऊन एका मित्राच्या आत्याकडे कुपवाडला सापडली. ओरखडे पडले की टूथपेस्ट लावून मऊ फडक्यानं आतून बाहेर पुसायचं, गोल गोल पुसायचं नाही, हे ज्ञान आम्हाला कुठून मिळालं देव जाणे. कधी उपयोग व्हायचा, कधी नुसता पुदिन्याचा वास यायचा. ड्राइव्हमध्ये सीडी घातली की आधी खरखर, मग विमान उडाल्यासारखा चढता आवाज. तो मध्येच अडखळला तर पोटात गोळा.

आता खोटं कशाला बोलू. त्या खोक्यातले अस्सल डबे चार. बाकीच्या तेरांत शंभर-शंभर रुपयांच्या नकली सीड्या, पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या, पातळ कव्हरवर धुरकट छापलेलं चित्र. 'मूळ गेम' नावाची वस्तू माझ्या बहुतेक मित्रांनी पाहिलीही नव्हती. त्यामुळे जुन्या डब्यांच्या आठवणीनं हळवे होणारे लोक भेटले की मला विचारावंसं वाटतं, बाबा रे, त्यातले किती विकत घेतले होतेस?

पोलंडमध्येही हीच गत होती. वॉर्सामधल्या सीडी प्रोजेक्ट या कंपनीनं १९९९ मध्ये 'बाल्डर्स गेट' पोलिश भाषेत आणला, तेव्हा नकली सीडीशी टक्कर द्यायची म्हणून डब्यात नकाशा घातला, खेळाच्या नियमांचं पुस्तक घातलं, संगीताची सीडी घातली. नकली विकणाऱ्याला हे सगळं छापून देणं परवडणार नाही, हा हिशेब. पुढे 'द विचर' काढणारी हीच ती मंडळी. हे वाचलं तेव्हा मला आमच्या भिंतीवरचा तक्ता आठवला. सीडीची नक्कल गल्लीत दोघांकडे होती, तक्ता मात्र फक्त आमच्याकडे. पोरं तो बघायला यायची.

डब्याची किंमत कधी संपली ते मला नेमकं माहीत आहे. २००६, पुण्यातलं हॉस्टेल. एका गाजलेल्या गेमचा अस्सल डबा मी पैसे साठवून घेतला. मेसचं एक वेळचं जेवण दोन महिने वडापाववर भागवून. खोलीवर सात जण जमले. डीव्हीडी फिरली, इन्स्टॉल झाली, आणि पडद्यावर सूचना आली: खातं उघडा, इंटरनेटला जोडा, मगच खेळा. खोलीत इंटरनेट नव्हतं. सायबर कॅफेवाला म्हणाला, तुझं मशीन इथं लावू देणार नाही. शेवटी कॅबिनेट चादरीत गुंडाळून, स्कूटरवर मांडीवर धरून एका वर्गमित्राच्या घरी नेलं. त्याच्याकडे ब्रॉडबँड होतं, महिन्याची मर्यादा ठरलेलं, रात्री दोन ते सकाळी आठ मात्र मोफत. म्हणून आम्ही दोन वाजायची वाट बघत त्याच्या आईनं केलेला उपमा खात बसलो. पहाटे पाचला गेम सुरू झाला.

खेळून झाल्यावर तो शेजारच्या खोलीतल्याला दिला. त्याच्याकडे चालेना. चावी एकदा एका खात्याला लागली, की दुसऱ्याच्या हातात तो डबा म्हणजे रिकामी काडेपेटी. दुकानदाराकडे परत गेलो, तर त्यानं डब्यामागची बारीक अक्षरांतली ओळ दाखवली. ती तिथं होती हे कबूल करायला हवं. वाचायला भिंग लागलं असतं.

तिथून पुढे डबे असले काय, नसले काय. 'जीटीए फाइव्ह' २०१५ मध्ये संगणकावर आला तो सात डीव्हीड्या घेऊन, म्हणजे एका बसणीला सात वेळा उठायचं. त्याच वर्षी 'मेटल गिअर सॉलिड फाइव्ह'च्या डब्यातल्या तबकडीवर गेम नव्हताच. स्टीम बसवणारी एक चिमुकली फाइल होती, उरलेलं सगळं इंटरनेटवरून उतरवायचं. ही नारळ फोडल्यावर आत पाणी सापडण्याची नव्हे, चिठ्ठी सापडण्याची गोष्ट झाली: पाणी विहिरीतून आणा. लॅपटॉपमधले ड्राइव्ह गेले. मी शेवटचं कॅबिनेट जुळवून घेतलं त्यात ड्राइव्ह बसवायची खाचसुद्धा नाही. दुकानांतली गेमची फडताळं आधी आखडली, मग तिथं मोबाइलची कव्हरं लागली.

आणि त्याच २०१५ च्या नोव्हेंबरात स्टीमवर रुपयांत किमती दिसू लागल्या. त्याआधी डॉलरमध्ये पैसे, त्यासाठी परदेशी व्यवहाराचं कार्ड, म्हणजे विषय संपला. आता सवलतीच्या दिवसांत दोनशे-तीनशे रुपयांत अस्सल गेम. गंमत बघा, माझ्या ओळखीतल्या सगळ्यांना सन्मार्गाला लावलं ते डिजिटल प्रतीनं. शंभरची नकली सीडी घेणारे आम्ही, एकदम पैसे मोजून घ्यायला लागलो आणि भरमसाट घेत सुटलो. माझ्या २१४ पैकी निम्मे मी उघडूनही पाहिलेले नाहीत. बाबा असते तर म्हणाले असते, जमेपेक्षा खर्च वाढलाय तुझा.

शिवाय डिजिटल प्रत वाढते. 'एज ऑफ एम्पायर्स टू'ची नवी सजवलेली आवृत्ती २०१९ ला आली. २०२२ मध्ये तिला भारतातल्या राजवटींची पुरवणी जोडली गेली, त्यात बंगाली, द्रविड आणि गुर्जर आले. तेवीस वर्षांच्या गेमला नवी पालवी. माळ्यावरच्या सीडीला हे भाग्य कुठलं.

पण जी वाढवता येते ती छाटताही येते. 'व्हाइस सिटी' या गेममध्ये पहिल्यांदा गाडीत बसलं की रेडिओवर मायकल जॅक्सनचं 'बिली जीन' लागायचं. २०२१ मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीत ते गाणं नाही. 'द क्रू' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला आणि ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद केले गेले. तो इंटरनेटशिवाय चालतच नव्हता, त्यामुळे ज्यांनी तबकडी विकत घेतली होती त्यांचीही तबकडी चहाचा कप ठेवण्यापुरती उरली. त्यावरून, विकलेले गेम असे बंद पाडू नका या मागणीवर युरोपात दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदाच आला, की जे देताय तो परवाना असेल तर 'विकत घ्या' असं मोघम म्हणू नका, तसं स्पष्ट सांगा. भाच्यानं दिवाळीत जे विचारलं, तेच जरा वकिली भाषेत.

असो. भाच्याला 'एज ऑफ एम्पायर्स'चा डबा दिला. त्यानं तो उलटापालटा केला, तक्त्याच्या घड्या उलगडल्या. भिंतीवरच्या रंगाचे पापुद्रे अजून चिकटपट्टीला होते. "आणि हे घालायचं कुठं?"

शेजाऱ्यांकडून यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह मागून आणला. माझ्या लॅपटॉपवर विंडोज अकरा. गेम सुरू होईना. त्या काळी नकली सीडी ओळखण्यासाठी बऱ्याच गेममध्ये सेफडिस्कसारखं कुलूप असायचं, आणि सुरक्षेला धोका म्हणून मायक्रोसॉफ्टनं २०१५ पासून विंडोजमध्ये ते चालणं बंद केलं. माझ्या डब्याचं दुखणं हेच की आणखी काही, ते मला कळलं नाही. म्हणजे देण्यासारखी वस्तू होती, देताही आली, पण चालेना. भाचा माझ्याकडे बघू लागला. श्रीमंती उतरणीला लागली होती.

मागच्या खोलीत आईच्या शिलाई मशिनशेजारी जुना संगणक होता, उशीच्या अभ्र्यानं झाकलेला. मावसभावानं २००९ मध्ये तो फॉरमॅट करून आईला भिशीचा हिशेब लिहायला दिला होता. आईनं तो वहीतच लिहिला. बटण दाबलं. पंख्यानं धूळ उडवली, काचेचा मॉनिटर चरचरला, आणि विंडोज एक्सपी उगवली. आतली बॅटरी मेलेली, त्यामुळे तारीख दाखवत होता १ जानेवारी २००२. ट्रे बाहेर यायला तयार नव्हता, तर भाच्यानं मोबाइलवर शोधून सेफ्टी पिन भोकात खुपसली.

खरखर. मग चढता आवाज. मी श्वास रोखला होता हे नंतर लक्षात आलं.

पडद्यावर चावीचे पाच रिकामे चौकोन. डब्यामागचा स्टिकर कधीच गेलेला, नुसता डिंकाचा पिवळा चौकोन. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या डायऱ्या आईनं एलआयसीच्या पावत्यांबरोबर कपाटात ठेवल्या आहेत. २००१ची काढली. गॅस, पॉलिशी, मीटर, आणि खाली बँकेच्या वळणदार अक्षरात पंचवीस अक्षरं, मध्ये छोट्या आडव्या रेघा.

मी वाचत गेलो, तो टाइप करत गेला. चुकलं. पुन्हा. चुकलं. तो म्हणाला, "आजोबांनीच चुकीची लिहिली असेल." मी डायरी उजेडात धरली. चौथ्या गटातल्या दुसऱ्या अक्षराखाली पेन्सिलीचा बारीक बाण होता आणि समासात लिहिलेलं होतं: 'बी बॉम्बेचा, आठ नव्हे.' बँकेत फोनवर खातेनंबर सांगताना ते असंच बोलायचे.

आठ खोडून बी घातला. चौकोन गेले आणि हिरवी पट्टी पुढे सरकू लागली.

पट्टी भरेपर्यंत भाच्यानं आपल्या दप्तरातली वही काढली आणि शेवटच्या पानावर चावी उतरवून घेतली. मी डोकावून पाहिलं. बीखाली त्यानंही बाण काढला होता. शेजारी लिहिलं होतं, 'बी बॅटमॅनचा'.