एकच पाणी, दोन होड्या

अमेरिकेच्या उत्तर सीमेवर, कॅनडाला खेटून असलेल्या मिनेसोटा राज्यात मोटारींच्या नंबरपाटीवरही ‘दहा हजार तळी’ असे लिहिलेले असते. यात बढाई नाही, उलट थोडा विनयच आहे. दहा एकरांहून मोठी तळी मोजली, तर आकडा ११,८४२ वर जातो. इथल्या मध्यमवर्गीय घरात होडी ही चैन समजली जात नाही. अंगणात, ताडपत्रीखाली ती झाकलेली असते, आणि बहुधा अ‍ॅल्युमिनियमची असते. दुसऱ्या महायुद्धानंतर हा धातू विमान कारखान्यांतून मोकळा झाला आणि लाकडी होड्या मागे पडल्या. कुजत नाही, रंग लागत नाही, दोघांना उचलता येते. मात्र चमचा पडला तरी घंटेसारखी वाजते, ही मासे धरणाऱ्यांची कायमची तक्रार!

होडी घेताना खरी पंचाईत होते ती तळाची. सपाट की निमुळता?

मिनियापोलिसच्या उत्तरेला सुमारे दीडशे किलोमीटरवर मिल लॅक्स सरोवर आहे. विस्तार सुमारे ५३६ चौरस किलोमीटर, पण सर्वांत खोल जागी पाणी अवघे ४२ फूट. थाळीसारख्या या उथळ पाण्यावर वारा सुटला, की आखूड, उभ्या लाटा पाहता पाहता उठतात. याच सरोवरातून रम नदी निघते. आधी ओगेची, शाकोपी, ओनामिया या तीन लहान तळ्यांतून, जंगली तांदळाच्या दाट पात्यांतून ती वाट काढते आणि अनोका गावी मिसिसिपीला मिळते. ओजिब्वे आदिवासी हा तांदूळ पूर्वापार नावेत बसून, काठ्यांनी झोडपून गोळा करतात. पाणी एकच, पण त्याचे स्वभाव दोन.

सपाट बुडाच्या होडीला इथे ‘जॉन बोट’ म्हणतात. मूळची ती दक्षिणेकडच्या ओझार्क डोंगरांतल्या नद्यांवरची, लाकडी फळ्यांची. वीतभर पाण्यातही ती चालते. थांबलेली असताना पाटासारखी स्थिर राहते, आजोबा काठावरून पाय टाकून चढले तरी फारशी डगमगत नाही. पण मोठ्या पाण्यावर हीच स्थिरता फसवी ठरते. सपाट बूड प्रत्येक लाटेवर थापटी मारत आपटते आणि ठेंगण्या कडांवरून पाणी आत येते.

इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या तळाची होडी लाट कापत जाते. तिची नाळ उंच, कडा उंच. मात्र उभी असताना दोघे एका अंगाला सरकले, की ती कलते. तिला पाणी अधिक खोल लागते, आणि इंजिनही जरा दमाचे. पात्यांच्या गर्दीत ती अडकून बसते. खाडीतली होडी समुद्रात नेऊ नये, हे कोकणात कुणाला शिकवावे लागत नाही. तिथेही अखेर मुद्दा तोच.

मे महिन्याच्या मध्याला वॉलआय माशाचा हंगाम उघडतो, तेव्हा हा प्रश्न घराघरांत रंगतो. हा मुहूर्त पुष्कळदा ‘मातृदिना’च्या शनिवार-रविवारीच येतो, तेव्हा होडीच्या वादात आईचे मत डावलण्याची कुणाची छाती होत नाही! वडिलांच्या डोळ्यांसमोर मोठे सरोवर आणि मोठा मासा असतो. आई विचारते, उन्हाळ्यात किती दिवस सरोवरावर जाणार, आणि किती दिवस मुलांना घेऊन नदीत? मे महिन्यात पाणी अजून बर्फाची आठवण ठेवून असते. त्यात पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांतच बधिर होतात. दहा वर्षांखालील मुलांनी चालत्या होडीत जीवरक्षक जाकीट घातलेच पाहिजे, असा कायदा आहे. वीस फुटांखालच्या होडीवर किती माणसे आणि किती वजन चालेल, याची पट्टीही ठोकलेली असते. पण वारा किती चालेल, हे त्या पट्टीवर नसते.

म्हणून मुले लहान असलेल्या घराने नदीच धरावी आणि सपाट होडी घ्यावी, हे उत्तम. अट एकच, जिथे रम नदी सरोवराला लागते तिथून पुढे एक हातही जायचे नाही, सकाळी पाणी आरशासारखे असले तरी! दुपारी वारा फिरला, की परतीची वाट याच होडीतून काढायची असते. ज्यांना सरोवर सोडवत नाही, त्यांनी निमुळत्या तळाची घ्यावी आणि नदीत वल्ह्याने ढकलत जाण्याचा कंटाळा करू नये. दोन्ही तळांचा मेळ घालणाऱ्या होड्याही मिळतात; त्या दोन्हीकडे चालतात, पण दोन्हीकडे थोड्या कमीच पडतात.

संध्याकाळी होडी गाडीमागे जोडली, की बुडाचे बूच काढून सगळे पाणी काठावरच ओतावे लागते. मिल लॅक्समध्ये २००५ साली पट्टेरी परदेशी शिंपले सापडले. ते दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत, म्हणून हा नियम. हे काम बहुतेक घरांत मुलांकडे असते, आणि दुसऱ्या दिवशी ते बूच परत लावायला विसरणारेही तेच!