दळीच्या वाटेवरून

पेण, २६ सप्टेंबर

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

निघताना तुम्ही विचारलंत, इंग्रज जाऊन इतकी वर्षं झाली, आता कातकऱ्यांचं भांडण कुणाशी? आज पेणच्या पूर्वेकडच्या डोंगराखालच्या एका वाडीत दिवसभर बसले होते. तिथे जे कळलं ते आजच लिहिते.

वाडी जुनी, घरं कुडाची, कारवीच्या भिंती शेणाने सारवलेल्या. पण जमीन दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर. रायगडातल्या कितीतरी कातकरीवाड्या अशाच आहेत. पूर्वी जमीनमालकाला शेतावर मजूर हवे होते, म्हणून त्याने कडेला राहू दिलं. आता मुंबई जवळ आली, जागेला भाव आला, आणि तोच मालक किंवा त्याच्याकडून घेणारा तारेचं कुंपण घालायला येतो.

पण मुळात ही माणसं दुसऱ्याच्या बांधावर का आली? कातकरी रानात राहून खैराचा कात काढत, डोंगरउतारावर फिरती शेती करत. १८७८च्या वन कायद्याने रान राखीव झालं, खैरावर कुऱ्हाड चालवणं गुन्हा ठरलं आणि धंदा संपला. गावच्या कुणब्यांनाही राबासाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, फांद्या तोडण्यावर बंधनं आली. ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत इतका असंतोष झाला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. कातकऱ्याला मात्र रान परत मिळालं नाही. तो मजूर झाला. आजही दिवाळी झाली की अख्खी वाडी उचल घेऊन वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परतते. मुलांची शाळा तिथेच तुटते.

काल २५ सप्टेंबर, चिरनेरचा हुतात्मा दिन. १९३० साली याच दिवशी अक्कादेवीच्या डोंगराजवळ जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. पडलेल्यांत नाग्या महादू कातकरी होता. शाळेत आम्हाला मिठाचा सत्याग्रह तारखांसकट पाठ होता, नाग्याचं नाव एकदाही ऐकलं नव्हतं. याचा मला मनापासून राग येतो.

गागोदे बुद्रुक याच तालुक्यात. विनोबांचं जन्मगाव. जमिनीचं दान मागत देशभर चाललेल्या माणसाच्या तालुक्यात घराखालच्या जागेसाठी लोक अजून अर्ज करताहेत.

तुमची,
मुक्ता


रोहा, २ ऑक्टोबर

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

कुंडलिकेला अजून भरपूर पाणी आहे. धाटावच्या कारखान्यांचा पट्टा मागे टाकून डोंगर चढलं की नाचणी आणि वरी दिसू लागते. ही दळी. तुम्ही तलाठी होतात, पण आपल्याकडे हा प्रकार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

रान राखीव केल्यावर इंग्रज सरकारने उतारावरचे काही तुकडे आदिवासींना कसायला दिले. कागद एका म्होरक्याच्या नावाने, कसणारी घरं मात्र अनेक. म्होरक्या गेला, त्याची मुलंही गेली. आज नातवंडं-पणतवंडं तीच जमीन कसतात, पण नाव त्या मेलेल्या माणसाचंच. स्वतंत्र भारतातही वन खात्याच्या लेखी ही जमीन वनच राहिली. १९२७चा वन कायदा, तोही इंग्रजांचाच, अजून लागू आहे. कार्यकर्त्या उल्का महाजन आणि त्यांची संघटना सर्वहारा जन आंदोलन यांनी या भागात दळीचा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. मोर्चे काढायचे आणि त्याच वेळी दफ्तरातून नकला मिळवायच्या, अशी ही लढाई आहे.

२००६च्या वनहक्क कायद्याने प्रस्तावनेतच मान्य केलं की वसाहतकाळात आणि त्यानंतरही वनवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली वनजमीन आदिवासी कुटुंबाच्या नावे होऊ शकते, चार हेक्टरपर्यंत. सरकारने पूर्वी दिलेले पट्टे मालकीत बदलण्याची तरतूदही आहे, म्हणजे दळीला थेट आधार. दावा ग्रामसभेत सुरू होतो, मग उपविभाग, मग जिल्हा. वडीलधाऱ्यांचा जबाब, जुने बांध, घराच्या खुणा हेही पुरावेच, असं नियम सांगतो. तरी प्रत्यक्षात कागदाशिवाय माणसाच्या बोलण्याला वजन येत नाही, आणि तो कागद पुन्हा त्याच दफ्तरातला, ज्याने त्याला रानाबाहेर काढलं. माझ्या मते इंग्रजी अंमल इथे अजून या रूपाने टिकून आहे.

एका आजींनी पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली पावती काढून दाखवली. अतिक्रमणाबद्दल सासऱ्यांना झालेल्या दंडाची. त्या वेळी दंड भरायला घरातली भांडी विकली होती. आज तीच पावती सांगते की हे कुटुंब तेव्हाही इथेच कसत होतं. आजी ती कुणाच्या हातात देत नाहीत, समोर धरून वाचू देतात.

बाबा, आता विनंती. इथल्या काही घरांत मोडीतले जुने कागद आहेत. वाचणारा माणूस मिळत नाही. तुम्हाला मोडी येते, फेरफार कसा वाचायचा ते कळतं. गुडघा दुखतो हे ठाऊक आहे. डोंगर चढावा लागणार नाही, माणसं खाली शाळेत कागद घेऊन येतील. फक्त दिवाळीच्या आधी या. नंतर सगळे भट्टीवर गेलेले असतील.

तुमची,
मुक्ता